तार तीच, तिला बघायची साधनं बदलली: घरगुती हॅम अँटेनाची पार्श्वभूमी

हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. त्याला १४ मेगाहर्ट्झच्या बँडसाठी (वारंवारतेच्या पट्ट्यासाठी) साधा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली सरळ तारेची अँटेना, बांधायचा तर १४३ ला वारंवारतेने भागायचं. १४.२ मेगाहर्ट्झला उत्तर येतं साधारण १० मीटर ७ सेंटीमीटर. तेवढी तार घ्यायची (खरं तर थोडी जास्तच, कारण कापलेली तार वाढवता येत नाही), मधोमध तोडायची, दोन्ही अर्धे फीडलाइनला (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या जोडतारेला) जोडायचे आणि जमेल तितकं उंच टांगायचं. हे गणित कित्येक दशकं तसंच आहे. बदलत गेला तो त्यापुढचा भाग: टांगलेली तार नेमकं काय करते आहे, हे कळायचं कसं?

हाइनरिख हर्ट्झ यांनाही हाच प्रश्न पडला होता. १८८६ ते १८८८ या काळात कार्ल्सरूहमध्ये त्यांनी वापरलेलं उपकरण म्हणजे डायपोलच. मध्ये ठिणगीची फट, दोन्ही बाजूंना तार, टोकांना जस्ताचे गोळे. लहर पोचली का, हे पाहायला तारेचं एक कडं, त्यालाही बारीकशी फट. तिथली ठिणगी इतकी क्षीण असे की ती दिसायला खोलीत अंधार करावा लागे. पुढे १८९५ मध्ये मार्कोनींनी तारेचं एक टोक जमिनीला जोडलं, दुसरं उंच चढवलं आणि पल्ला एकदम वाढला. तेव्हापासून काही वर्षं एकच मंत्र चालला: आणखी उंच, आणखी लांब. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून संदेश ऐकण्यासाठी त्यांनी न्यूफाउंडलंडला चक्क पतंगाने तार वर नेली.

हा मंत्र हौशी माणसाच्या कामाचा नव्हता. त्याला वाचवलं ते एका बंदीने. टायटॅनिक बुडाल्यानंतर काही महिन्यांतच, १९१२ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला आणि हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलण्यात आलं. या लहरी लांब पल्ल्याला निरुपयोगी, असा तज्ज्ञांचा समज होता. पण हिशेब करून पाहा: हजार मीटरच्या लहरीला अर्धतरंग (लहरीच्या निम्म्या लांबीची) तार ५०० मीटरची लागते, २० मीटरच्या लहरीला १० मीटरची. म्हणजे हद्दपारीच्या जागी अँटेना परसात मावू लागली. घरगुती अँटेनाचा छंद इतका फोफावला, याचं श्रेय मी तरी कुणाच्या प्रतिभेपेक्षा या योगायोगाला देईन.

आखूड लहरी दूर जातात हे सिद्ध व्हायलाही अँटेनाच उपयोगी पडली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला शेतात तंबू ठोकून बसले आणि अमेरिकन हौशी केंद्रांचे संदेश त्यांनी ऐकले. त्यांची अँटेना होती बेव्हरेज पद्धतीची: शेकडो मीटर लांब, जमिनीपासून थोड्याच उंचीवर ताणलेली तार. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लिऑं देलॉय आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संभाषण झालं, आणि मग सगळेच खाली, आणखी आखूड लहरींकडे धावले.

या काळात मोजायला काय होतं? तारेत जोडलेला अँमीटर, नाहीतर एखादा छोटा दिवा. काटा जास्त सरकला किंवा दिवा जास्त पेटला की काम झालं. एवढ्याच साधनांवर झेप अँटेना आली, मूळची झेपेलिन हवाई जहाजांखाली लोंबणारी, एका टोकाकडून वीज दिलेली अर्धतरंग तार. १९२९ मध्ये लोरेन विंडम यांनी मध्याऐवजी बाजूला एकच तार जोडायची रीत क्यूएसटी या हौशी रेडिओच्या मासिकात मांडली, तीही लोकांनी उचलली.

दिशा धरणाऱ्या अँटेना मात्र प्रयोगशाळांतून आल्या. जपानमधल्या सेंदाई इथे शिनतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास दाखवलं की फीडलाइनला न जोडलेल्या धातूच्या काड्या पुढेमागे ठेवल्या तर लहर एका बाजूला झुकते. त्यांच्याच देशात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. १९४२ मध्ये सिंगापुरात हाती लागलेल्या ब्रिटिश टिपणांतला ‘यागी’ हा शब्द जपानी अधिकाऱ्यांना कळेना, तेव्हा हे जपानी माणसाचंच नाव आहे, असं युद्धकैद्याने सांगितलं! याच सुमाराला इक्वाडोरमधल्या कीटोच्या उंचावरच्या विरळ हवेत एका प्रक्षेपण केंद्राच्या बीमची (अशाच दिशा धरणाऱ्या अँटेनाची) टोकं ठिणग्यांनी जळत होती. क्लॅरन्स मूर यांनी काड्यांची मोकळी टोकंच काढून टाकली आणि तारेचे चौकोन केले. त्यातून आलेला क्वाड हॅम मंडळींनी बांबूच्या काटक्यांवर उभा केला.

दुसऱ्या महायुद्धानंतर घडलेला बदल मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण तो तारेत नाही, विचारात झाला. युद्धासाठी बनलेली कोअॅक्स केबल (मध्ये तार, तिच्याभोवती धातूचं वेष्टण) स्वस्तात मिळू लागली. त्याआधीच्या समांतर तारांच्या फीडलाइनमध्ये एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत फिरते, याचं माप; एकास एक म्हणजे काहीच नाही) कितीही वाढला तरी फारसं काही बिघडत नसे, त्यामुळे तो कुणी फारसा मोजतही नसे. कोअॅक्समध्ये मात्र त्याने ऊर्जा वाया जाऊ लागली, म्हणून मोजणारे ब्रिज आले. मग ट्रान्झिस्टरचे ट्रान्समीटर आले आणि एसडब्ल्यूआर दोनच्या पुढे गेला की ते आपली शक्ती आपणच कमी करू लागले. पाहता पाहता एसडब्ल्यूआर म्हणजेच अँटेनाची गुणपत्रिका, अशी समजूत रुजली. खरं तर ५० ओमचा डमी लोड (अँटेनाच्या जागी जोडायचा, ऊर्जेची नुसती उष्णता करणारा रोधक) एसडब्ल्यूआर अगदी एकास एक दाखवतो आणि प्रक्षेपण जवळपास शून्य करतो.

जी५आरव्ही नावाच्या अँटेनाची दैनाही त्याच समजुतीतून. लुई व्हार्नी यांनी १९४६ मध्ये १०२ फुटांची ही तार १४ मेगाहर्ट्झवर तीन अर्धतरंग बसावेत म्हणून आखली. बाकीच्या बँडवर ती ट्यूनर (ट्रान्समीटर आणि अँटेनाचा मेळ जुळवणारं उपकरण) लावून चालते. लोकांनी मात्र ‘सगळ्या बँडची, विनाट्यूनर’ असं लेबल चिकटवलं आणि मग एसडब्ल्यूआर पाहून बिचाऱ्या तारेलाच दोष दिला.

एसडब्ल्यूआर सांगत नाही ते, म्हणजे ऊर्जा कुठल्या दिशेला जाते, हे घरबसल्या कळू लागलं ते संगणकामुळे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतली, अँटेनाचं वागणं गणिताने काढणारी एनईसी-२ प्रणाली १९८१ ची. तिला मोठा संगणक लागे. लगेच १९८२ मध्ये मिनीनेक आली, ती घरच्या संगणकावर चाले. लेस मॉक्सन यांच्या वाकवलेल्या दोन-काडी अँटेनाची आज सगळीकडे दिसणारी सुटसुटीत मापं एल. बी. सेबिक यांच्या अशाच संगणकी अभ्यासातून आली. अलीकडे नॅनोव्हीएनए हे तळहाताएवढं यंत्र आलं आणि वारंवारतेनुसार एसडब्ल्यूआर कसा बदलतो याचा, एके काळी प्रयोगशाळेतच मिळणारा आलेख गच्चीवर उभ्याउभ्या दिसू लागला.

तरी संगणकातल्या मॉडेलला जमिनीचा ओलावा, शेजारचा लोखंडी कठडा, छतावरचा पत्रा आपण सांगू तेवढाच कळतो. त्याची दुसरी बाजू पकडली डब्ल्यूएसपीआरने. जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेली ही पद्धत: काहीशे मिलीवॅटचा संदेश दोन मिनिटं सोडायचा, जगभरचे श्रोते तो कितपत ऐकू आला ते डेसिबलमध्ये नोंदवतात. रात्रभर दोन अँटेना आळीपाळीने चालवायच्या आणि सकाळी आकडे शेजारी मांडायचे. मॉडेलमध्ये पुढे असलेली तार कधीकधी त्या यादीत मागे पडलेली असते. मग पुन्हा जिन्याने वर.