बॉण्डची अट मोडली, तर दोघा भावांना शिक्षा सारखीच?

बीडकडचं उदाहरण घेऊ. बांधाच्या भांडणात दोघे भाऊ दोषी ठरले. कोर्टाने कैद न देता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर, म्हणजे लेखी हमीवर सोडलं. दिवाळी सरताच थोरला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेला आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याकडच्या हजेऱ्या चुकल्या. धाकट्याने फिर्यादीला पुन्हा मारलं. आता समन्स दोघांनाही.

खटला एक असला तरी बॉण्ड ज्याचा त्याचा. 1958 च्या प्रोबेशन कायद्याचं कलम 9 सांगतं, की सुनावणीनंतर अट मोडल्याची खात्री पटली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिलीच चूक असेल तर बॉण्ड चालू ठेवून 50 रुपयांपर्यंत दंडावरही भागतं. हो, पन्नासच! पण तो मुदतीत भरला नाही, तर मूळ शिक्षा होऊ शकते. म्हणून थोरला दंडावर सुटला आणि धाकटा आत गेला, तर त्यात अन्याय नाही. ‘भावाला सोडलं, मलाही सोडा’ या म्हणण्याला वजन येतं ते दोघांचा गुन्ह्यातला वाटा आणि अट मोडण्याचं कारण सारखं असेल तेव्हाच. नव्या मारहाणीचा खटला वेगळा चालतो तो चालतोच.

थोरल्याने गाव सोडण्याआधी प्रोबेशन अधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्यायला हवी होती. त्या अधिकाऱ्याने अर्ज केला तर कलम 8 खाली कोर्ट अटी बदलू शकतं.

तारखेला जाताना निकालाची आणि बॉण्डची नक्कल, आधार, हजेरीच्या नोंदी, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, ऊसतोडीला गेला असाल तर मुकादमाचं किंवा कारखान्याचं पत्र सोबत ठेवा. जामीनदारालाही न्या, बॉण्डची रक्कम त्याच्याही मानेवर असते. आधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा करून मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही.

मुळात कलम 4 चा बॉण्ड मिळतो तो फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. आरोपीचा किंवा जामीनदाराचा त्या भागात कायमचा पत्ता किंवा कामधंदा लागतो. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात 18 वर्षांवरच्यांना ही सवलत नाही.

धाकटा पोलीस भरतीची तयारी करत असेल, तर कलम 12 वाचून ठेवावं. दोषी ठरल्याने कायद्यानं येणारी अपात्रता बॉण्डवर सुटलेल्याला लागत नाही, पण नंतर मूळ शिक्षा झाली की हे संरक्षणही जातं.