त्सुनामी आणि वादळी उधाण: नागपूरहून फोन करण्याआधी

नागपुरात समुद्र नाही, पण आपली पोरं मुंबई, चेन्नई, विशाखापट्टणमला नोकरीला आहेत. टीव्हीवर खवळलेल्या लाटा दिसल्या की धरमपेठेतून, महालातून फोन सुरू होतात, "त्सुनामी येते म्हणे, जपून रहा." बहुतेक वेळा ते चक्रीवादळाचं उधाण असतं. काळजी खरीच आहे, म्हणून तर या दोन्हींतला फरक माहीत हवा.

वादळी उधाण वाऱ्यामुळे येतं. वारा तासन्‌तास समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे रेटतो. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असल्याने पाणी थोडं वर उचललं जातं, पण मुख्य जोर वाऱ्याचाच. किनारा उथळ असेल आणि नेमकी भरती असेल, तर पाणी आणखी चढतं. ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशात असंच पाणी आत घुसलं आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. अशा वादळाचा माग हवामान विभाग काही दिवस आधीपासून काढत असतो. सामान बांधून गाव सोडायला तेवढा वेळ पुरतो.

त्सुनामीत तेवढी सवड मिळत नाही. समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप होतो, तळ वरखाली सरकतो आणि त्यावरचं सगळं पाणी हलतं. चार किलोमीटर खोल समुद्रात ही लाट ताशी 700 किलोमीटरच्या आसपास धावते, पण उंची इतकी कमी की जहाजावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. किनारा जवळ आला की तिचा वेग घटतो आणि उंची वाढते. 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्राजवळ धरणी हादरली आणि दोन-अडीच तासांत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर पाणी आलं. ना वादळ, ना पाऊस. रविवारची सकाळ होती.

मुंबईही यातून सुटलेली नाही. 28 नोव्हेंबर 1945 रोजी पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती आणि तिथे माणसं दगावली होती.

पावसाळ्यात "साडेचार मीटरची भरती" अशी बातमी येते, ती या दोन्हींपैकी काहीच नसते. चंद्र-सूर्याच्या ओढीने येणाऱ्या या भरतीचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं.

2004 नंतर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र उभं राहिलं. भूकंपानंतर काही मिनिटांत तिथून सूचना निघते. पण किनाऱ्यावर असताना जमीन जोरात, बराच वेळ हादरली किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर सूचनेची वाट पाहू नये. तडक उंचावर जावं. समुद्र दर वेळी आधी मागे हटेलच असंही नाही.

फोनवर पोरांना एक गोष्ट जरूर सांगा. त्सुनामी एका लाटेवर थांबत नाही. दोन लाटांमध्ये दहा मिनिटं ते तासभर जाऊ शकतो आणि नंतरची लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते. पाणी ओसरलं म्हणून गाडी किंवा सामान पाहायला खाली उतरायचं नाही. धोका टळल्याची अधिकृत सूचना येईपर्यंत वरच थांबायचं.