पेशीतील ऊर्जाव्यवहार

सजीव पेशी रासायनिक ऊर्जा मिळवते, साठवते आणि हालचाल, वाढ, पदार्थांची ने-आण अशा कामांसाठी खर्च करते. या सगळ्या अभिक्रिया मिळून पेशीचा ऊर्जाव्यवहार होतो. वनस्पती, शैवाले व काही जीवाणू सूर्यप्रकाशावर शर्करा बनवतात. काही जीवाणू गंधक, लोह किंवा अमोनियाच्या ऑक्सिडीभवनावर जगतात, तर प्राणी व कवके आयत्या सेंद्रिय पदार्थांवर. स्रोत कोणताही असो, देवघेव बहुतांशी एकाच रेणूमार्फत चालते: ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी. १९२९ मध्ये कार्ल लोहमान यांना, तसेच सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना ते स्नायूंत सापडले.

एटीपीला पेशीचे ‘चलन’ म्हणतात ते ठीकच. ‘साठा’ म्हणणे मात्र चूक. माणसाच्या शरीरात एका वेळी ते पाव किलोच्या आतच असते, पण दिवसभरात जेवढे तुटते-जुळते ते साधारण त्या माणसाच्या वजनाइतके भरते. फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, हेही सर्रास लिहिले जाते. बंध तोडायला उलट ऊर्जा लागते. पाण्याशी अभिक्रिया होऊन तयार होणारे एडीपी (एक फॉस्फेट कमी असलेले रूप) व फॉस्फेट अधिक स्थिर असतात, शिवाय पेशी एटीपीचे प्रमाण समतोलापेक्षा कितीतरी चढे राखते. ऊर्जा मिळते ती यामुळे. प्रमाणित स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल आणि पेशीत ५० च्या आसपास. समतोल साधला गेला, तर एटीपी असूनही पेशीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

ग्लुकोजचे पहिले विघटन पेशीद्रवात होते. त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि निव्वळ २ एटीपी हाती येतात. तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) नसल्याने त्यांचा सगळा संसार या दोनांवरच चालतो. इतर पेशींत या विघटनातून उरलेले पायरुवेट तंतुकणिकेत जाते. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात त्याचे कार्बन डायऑक्साइड होते आणि इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. खरी कमाई या इलेक्ट्रॉनांची.

ते ऑक्सिजनपर्यंत पोचेपर्यंत वाटेतली प्रथिने प्रोटॉन (हायड्रोजनचे आयन) तंतुकणिकेच्या आतल्या पटलाबाहेर ढकलतात. पटलावर सुमारे १५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटल जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर जाड, म्हणजे ताण मीटरमागे अडीच-तीन कोटी व्होल्टचा! परतणारे प्रोटॉन एटीपी सिंथेज या विकराचा भाग फिरवतात आणि एका पूर्ण फेऱ्यात ३ एटीपी तयार होतात. प्रोटॉनांच्या या फरकावर एटीपी बनते, ही पीटर मिचेल यांची कल्पना १९६१ ची. अनेक वर्षांच्या विरोधानंतर १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या विकराच्या दांड्याला ॲक्टिन या स्नायूतल्या प्रथिनाचा चमकणारा तंतू चिकटवला, एटीपी पुरवले आणि तंतू गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एका ग्लुकोजमागे आज ३० ते ३२ एटीपी धरतात. जुन्या पुस्तकांतले ३८ हे प्रोटॉनांची गळती व वाहतुकीचा खर्च न धरता काढलेले आहेत. तपकिरी चरबीत मात्र ही गळती मुद्दाम होते. तिच्या उष्णतेवर नवजात बाळ ऊब टिकवते.

साठवण दोन प्रकारची. ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या जोडलेल्या साखळ्या, चटकन सुटते, पण ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून बसते. चरबी कोरडी, आणि ग्रॅममागे ग्लायकोजेनच्या दुपटीहून अधिक ऊर्जा देणारी. ती जाळायला मात्र ऑक्सिजन हवाच. जिवाच्या आकांताने धावताना स्नायूतले एटीपी दोन-तीन सेकंदांत संपेल, पण क्रिएटिन फॉस्फेट ते दहाएक सेकंद भरून काढते. पुढे ग्लायकोजेन.

खर्चाची एक मोठी बाब म्हणजे पेशीपटलावरचा पंप. येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये दाखवलेला हा पंप एका एटीपीमागे ३ सोडियम आयन बाहेर टाकतो व २ पोटॅशियम आत घेतो. स्नायूत ॲक्टिनला धरलेले मायोसिन हे दुसरे प्रथिन सुटते तेही एटीपी जोडले गेल्यावरच. म्हणून मृत्यूनंतर काही तासांत एटीपी संपले की ही पकड सुटत नाही आणि देह ताठरतो.