तहसील कचेरीवरच्या मोर्चाची वाट : सातारा-सांगलीतील लोकशाही आणि श्रमिक हक्कांच्या मेळाव्यांची पार्श्वभूमी

विटा, तासगाव, कराड, पाटण किंवा वडूज, तालुक्याचे गाव कोणतेही असो, अंगणवाडी सेविकांचा, बांधकाम मजुरांचा किंवा धरणग्रस्तांचा मोर्चा निघाला की त्याचा शेवट बहुधा तहसील कचेरीच्या आवारात होतो. तेथे निवेदन मोठ्याने वाचले जाते, शिष्टमंडळातले चार-पाच जण आत जातात, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का आणि सही घेतात आणि ती पोच बाहेर उन्हात बसलेल्या लोकांना उंच धरून दाखवतात. ही रीत कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. ती या भागातल्या माणसांनी तीन-चार पिढ्यांच्या अनुभवातून घडवलेली आहे, आणि तिच्यामागचा इतिहास ठाऊक नसला की मोर्चा म्हणजे एका दिवसाची गर्दी, असा समज होतो. गर्दी हा खरे तर शेवटचा टप्पा असतो.

त्याआधीचे पंधरा दिवस कार्यकर्ते गावोगाव बैठका घेत असतात. रात्रीची जेवणे उरकल्यावर मारुतीच्या देवळात किंवा समाजमंदिरात सतरंजी पडते. पुरुष आधी येतात, बाया भांडीकुंडी आवरून मागाहून येतात, म्हणून जाणता कार्यकर्ता मुख्य विषय त्या आल्याशिवाय काढत नाही. शाळेच्या वहीत नावे लिहिली जातात, टेम्पोचे भाडे माणशी किती पडेल ते ठरते, भाकऱ्या कोणत्या आळीतून किती यायच्या हे बाया आपसांत वाटून घेतात. मोर्चाची वेळ अकराची असते, कारण सकाळचे दूध डेअरीला घालूनच घर सुटते आणि संध्याकाळच्या धारेला परत यावे लागते. ज्या संघटनेला ही घड्याळे कळत नाहीत, तिच्या मेळाव्याला माणसे येत नाहीत, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

या रीतीचा सर्वांत ठळक उगम १९४२ सालात सापडतो. ८ ऑगस्टला मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला, मोठे नेते तुरुंगात गेले, आणि त्यानंतर सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग होता, लोकांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर चालून जायचे ठरवले. २४ ऑगस्टला कराडला बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला. ३ सप्टेंबरला तासगावला लोकांनी मामलेदारांना, म्हणजे तेव्हाच्या तहसीलदारांना, गांधी टोपी घालायला लावली आणि कचेरीवर तिरंगा चढवला. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे-पाटील व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात विष्णू बारपटे आणि उमाशंकर पंड्या हे दोघे गेले. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर होते. शेतकऱ्यांच्या मोर्चात कारखान्यातला शिकलेला माणूस पुढे असावा आणि त्याने तेथेच प्राण द्यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण शेतकरी आणि कामगार यांची एकजूट पुढे व्यासपीठांवरून पुष्कळ सांगितली गेली, ती इथे आधी रस्त्यावर दिसली होती.

कचेरीच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मामलेदार कचेरी म्हणजे सारावसुली, खजिना, तुरुंगाची कोठडी आणि जमिनीची दप्तरे या सगळ्यांची एकत्र जागा होती. सामान्य रयतेला सरकार दिसे ते तेथेच. ती जागा आपली आहे, असे हजारो माणसांनी पायी चालत जाऊन सांगणे, हाच त्या मोर्चांचा अर्थ होता.

परंतु इतकी गावे इतक्या थोड्या दिवसांत कशी उठली, याचे उत्तर आणखी मागे जाते. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. त्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत खोलवर पोहोचला, तो मुख्यतः जलशांमुळे. तमाशाचा परिचित बाज घेऊन सावकारी, भटशाही आणि अज्ञान यांच्यावर बोलणारे हे जलसे यात्रेत, बाजारात, लग्नसराईत होत. लिहिता-वाचता न येणारा माणूसही त्यांतून वाद घालायला शिकला. १९१९ ते १९२१ या काळात जिल्ह्यातल्या अनेक गावांत कुळांनी जमीनमालकांविरुद्ध उघड असहकार पुकारला, आणि १९१९ मध्येच भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. सभा कशी घ्यावी, अध्यक्ष कसा नेमावा, ठराव कसा मांडावा, हे या भागाने राजकीय पक्षांच्या आधी सत्यशोधकांकडून घेतले. १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारला पाठवणारे नारायण मेघाजी लोखंडे हेही सत्यशोधकच होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरा धागा औंध संस्थानाचा आहे. २१ जानेवारी १९३९ रोजी भवानराव पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू केली आणि बहात्तर गावांच्या या छोट्या संस्थानात राजाचे अधिकार प्रजेकडे दिले. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांनी मिळून तालुक्याचा कारभार पाहायचा, अशी खालून वर जाणारी ती रचना होती. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडल ही दोन्ही गावे औंध संस्थानातली. कुंडल पुढे प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर अशा लोकांच्या कारभाराचे, केंद्र झाले यामागे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारख्या तरुणांचे धाडस होतेच, पण ब्रिटिश पोलिसांना थेट शिरता न येणारी संस्थानी हद्द आणि स्वतःचा कारभार पाहायची सवय लागलेली गावे यांचाही त्यात वाटा होता, असे मी मानतो.

१९४३ ते १९४६ या काळातल्या प्रतिसरकारच्या कथा सांगताना ७ जून १९४३ ची शेणोलीची रेल्वे लूट किंवा १४ एप्रिल १९४४ ची धुळ्याच्या खजिन्याची लूट यांच्यावर भर दिला जातो. तो स्वाभाविक आहे. मात्र आजच्या मेळाव्यांच्या दृष्टीने न्यायदान मंडळे अधिक महत्त्वाची आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील पूर्वी तलाठी होते. जमिनीचे उतारे, गहाणखते आणि सावकारी कागद यांतली फसवणूक त्यांना आतून ठाऊक होती, आणि ती ते चावडीपुढे बोलीभाषेत उलगडून सांगत. बांधाचे भांडण, सावकाराचे कर्ज, टाकून दिलेल्या बाईची पोटगी असे दावे गावाच्या डोळ्यांदेखत ऐकले जात आणि निकालाची अंमलबजावणी प्रतिसरकारचे स्वयंसेवक दल, म्हणजे तुफान सेना, करी. तिने दिलेल्या काही शिक्षा कठोर होत्या, हे झाकण्याचे कारण नाही. पण निर्णय लोकांसमोर झाला पाहिजे, ही अपेक्षा तेव्हापासून येथे रुजली आणि आजही शिष्टमंडळ आतून आल्यावर ‘काय बोलणं झालं ते सगळ्यांना सांगा’ असा आवाज जमावातून उठतो, तो त्याच अपेक्षेचा.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले, आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर आले असता पसरणीच्या घाटात हजारो लोकांनी काळी निशाणे दाखवली.

त्यानंतर प्रश्न बदलला. स्वराज्य मिळाले होते, पण माणदेशाच्या पट्ट्यात पाऊस नसला की मजुराच्या हाताला काम नव्हते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास मांडलेली रोजगार हमीची कल्पना साधी होती. जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे. हा प्रयोग प्रथम तासगाव तालुक्यात झाला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसायकर घेऊन त्याचा खर्च भागवला जाई. या कायद्याने मोर्चाच्या भाषेतही मोठा फरक पडला. आधी लोक दुष्काळात मदत मागत. आता खडी फोडणारी बाई कामाच्या मागणीचा अर्ज देऊन पोच मागू लागली, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आपले नाव आहे का ते दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागली आणि मोजमाप कमी भरले तर ओव्हरसिअरला उलट विचारू लागली. पुढे २००५ मध्ये देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा या प्रयोगाचा दाखला समोर होता.

याच काळात पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांना संघटित करत होते. हे बहुतेक हमाल सातारा, सांगली आणि पुण्याच्या डोंगरी भागातले, एकाच गाळ्यात निजणारे आणि एका गावचे असत. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाला पक्का मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर तो काम करतो, ही अडचण ओळखून कायद्याने मंडळ मधे घातले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी व रजेचे पैसे द्यायचे. सांगलीच्या हळद बाजारात सौदा निघण्याआधी पोते उसवून ढीग ओतणारा, सौद्यानंतर ते पुन्हा भरून शिवणारा आणि थप्पी लावणारा हमाल पाहिला, म्हणजे या मंडळाचे मोल कळते. हळदीने पिवळ्या पडलेल्या त्याच्या हातांना दिवसभरात दहा व्यापाऱ्यांचा माल लागतो, पण त्यांतला एकही कागदावर त्याचा मालक नसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि महिने लोटत गेले तसे हजारो कामगार गावी परतले. खानापूर तालुक्यात ते आले तेव्हा दुष्काळ होता. संघटनेची शिस्त, सभेची सवय आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य ते बरोबर घेऊन आले होते. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यासह मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. तिचे वेगळेपण असे, की तिने आधी गावचा अभ्यास केला. पूर्वी विहिरीला पाणी किती होते, पिके कोणती होती, येरळा नदी कधी आटली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढले गेले, आणि नदीतल्या वाळूचा बेसुमार उपसा पाणी पळवतो आहे हे लोकांनी स्वतः शोधले. मग ठेकेदारांचा उपसा थांबवून, थोडी वाळू लोकांनीच विकून, त्या पैशातून आणि श्रमदानातून बळीराजा स्मृती धरण बांधण्यात आले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांना आणि स्त्रियांनाही वाटा असावा, ही मागणी त्या काळी अनेकांना अशक्य वाटली होती. मला या सगळ्या इतिहासातले हेच पर्व सर्वांत शिकण्यासारखे वाटते, कारण येथे मेळाव्याने सरकारकडे काही मागण्याआधी स्वतःच्या गावाचा हिशेब मांडला. १९९३ मध्ये नागनाथअण्णांनी आटपाडीत भरवलेल्या पाणी संघर्ष परिषदेने तोच प्रश्न तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पातळीवर नेला.

गेल्या तीन दशकांत मेळाव्यांत बायांची संख्या वाढली. १९९६ मध्ये सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि ज्यांना कोणी श्रमिक म्हणायला तयार नव्हते त्या स्त्रियांनी स्वतःचे ठराव स्वतः मांडले. अंगणवाडी सेविकांना मिळणाऱ्या रकमेला कागदोपत्री अजूनही ‘मानधन’ म्हणतात. मात्र त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला, आणि ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका व मदतनिसांनी दीर्घ संप केला.

आता नवा संदर्भ कामगार संहितांचा आहे. एकोणतीस केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक आहे, निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकत्र घेतलेली किरकोळ रजाही संप ठरते, आणि कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून पुढे लागते. मिरज, कुपवाड, साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत लहान कारखानेच पुष्कळ असल्याने ही शेवटची तरतूद येथे विशेष जाचक ठरेल, असे मला वाटते. शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात आहे. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालचा जमावबंदीचा आदेश जिल्ह्यात लागू आहे का, हे पाहूनच मोर्चाचा अर्ज करावा लागतो आणि त्यात मार्ग, वेळ व अंदाजे संख्या लिहावी लागते.

या साऱ्या परंपरेत एक मोठी उणीव राहिली आहे. कार्तिकात बीडकडून ऊसतोड मजुरांचे ट्रक, ट्रॅक्टर कृष्णाकाठी येतात, कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात आणि पहाटे चार वाजता कोयते चालू लागतात. त्यांची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मुकादमाकडून घेतलेली असते, रेशनकार्ड गावाकडे असते आणि मतदारयादीतले नावही तिकडेच. २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान गळीत हंगामाच्या तोंडावरच होते. गावोगावच्या बैठकांच्या वहीत त्यांची नावे नसतात, कारण ती वही गावच्या रहिवाशांची आहे. काही कार्यकर्ते हंगामात संध्याकाळी फडावरून गाड्या भरून निघाल्यानंतर तळावर जाऊन बसू लागले आहेत. तेथे सतरंजी नसते, चुलीपुढे पाचटावर बसावे लागते, आणि बोलणे पहिल्यांदा मुलांच्या शाळेवरून सुरू होते, मजुरीच्या दरावर मागाहून येते.