पाचातली एक गाडी

सपाट जमिनीवर आखलेला २३० मीटर परिघाचा गोल रस्ता. त्यावर एकामागोमाग एक २२ गाड्या. सिग्नल नाही, चौक नाही, खड्डा नाही, मध्येच आडवं येणारं कोणी नाही. चालकांना सूचना एकच: ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवा. थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं. मग कुणाचा तरी पाय ब्रेकवर किंचित जास्त पडतो, मागचा त्याहून जोरात ब्रेक मारतो, त्याच्या मागचा आणखी जोरात. बघता बघता काही गाड्या चक्क थांबतात. पुढची सुटेपर्यंत मागून नवी येऊन अडकते आणि कोंडीची लाट गाड्यांच्या उलट दिशेने सरकत राहते.

जपानमधल्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध केला. कोंडी झाली की आपण पुढच्या कुणाला तरी शिव्या घालतो. इथे शिव्या घालायलाच कोणी नव्हतं! दाटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की एवढीशी चूकही विरून न जाता वाढत जाते. शिवाय वेग तर पडतोच, पण तासाभरात रस्त्यावरून पार होणाऱ्या गाड्यांची संख्याही घटते. म्हणजे रस्त्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच तो कमी काम करतो.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. मर्यादेच्या अलीकडे यायला सगळ्या गाड्या हटवाव्या लागत नाहीत. स्वीडनची राजधानी स्टॉकहोमने जानेवारी २००६ मध्ये शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून पाहिलं. वेळेनुसार दर खेपेला १० ते २० क्रोनर, फार मोठी रक्कम नव्हे. जादा बस मात्र काही महिने आधीच सुरू केल्या होत्या, आणि हा क्रम मोलाचा आहे. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने घटली, रांगा त्याहून कितीतरी जास्त आटल्या. आधी शहरात या योजनेला बराच विरोध होता. जुलैअखेर चाचणी संपली, शुल्क थांबलं, गाड्या पुन्हा वाढल्या. सप्टेंबरमधल्या मतदानात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि २००७ पासून ते कायमचं झालं.

मग रस्तेच रुंद का करू नयेत? अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवर ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की महामार्गाच्या मार्गिका जितक्या वाढतात, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचे किलोमीटरही वाढतात. रस्ता मोकळा दिसला की टाळलेल्या खेपा होऊ लागतात.

विजेच्या गाड्यांनी धूर जाईल, पण त्या जागा तेवढीच अडवतात. पेट्रोल गाडीची छोटी खेप मात्र वाटते त्याहून वाईट. धुरातले विषारी वायू निवळणारं उत्प्रेरक उपकरण काही शे अंश तापल्यावरच नीट काम करतं. कोपऱ्यावर जाऊन येणारी गाडी ते तापायच्या आतच बंद होते. हेच अंतर चालत किंवा सायकलने सहज होण्यासारखं.

शुल्काशिवायही मार्ग आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ मध्ये शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले. त्या योजनेत गाडी कुठल्याही भागात नेता येत होती. सामान उतरवा, आजारी माणसाला घरी सोडा, बंदी नव्हती. पण एका भागातून शेजारच्या भागात गाडीने थेट जाता येत नाही. बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जायचं, वळसा घालायचा आणि पुन्हा आत शिरायचं. सायकलवाला तेवढ्यात सरळ रस्त्याने पोहोचलेला असतो.