आरएफयू (रग्बी फुटबॉल युनियन) चॅम्पियनशिप, २०११–१२

इंग्लंडमधील क्लब रग्बी युनियनच्या दुसऱ्या श्रेणीचा एक हंगाम. लंडन वेल्श हा क्लब विजेता ठरला. मात्र हा हंगाम मैदानावरील खेळापेक्षा बढतीच्या वादासाठी अधिक ओळखला जातो.

दुसऱ्या श्रेणीचा आरंभ कधीपासून धरावा, याबद्दल एकवाक्यता नाही. देशव्यापी साखळी पद्धत १९८७-८८ मध्ये सुरू झाली व त्या वर्षी दुसऱ्या विभागात रॉसलिन पार्क पहिला आला. काही संकलक विजेत्यांची यादी तेथूनच देतात. काही २००९-१० पासून देतात, कारण त्या वर्षी संघांची संख्या १६ वरून १२ करून ‘चॅम्पियनशिप’ ही व्यावसायिक स्पर्धा उभी करण्यात आली. श्रेणी जुनी, स्पर्धा नवी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघ बाकीच्या ११ संघांशी घरच्या व बाहेरच्या मैदानावर मिळून २२ सामने खेळला. विजयाला ४ व बरोबरीला २ गुण. चार ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) केल्यास किंवा ७ वा कमी गुणांनी हरल्यास प्रत्येकी एक बोनस गुण. पहिले आठ संघ चार-चारच्या दोन गटांत गेले, तळाच्या चौघांचा वेगळा गट झाला आणि त्यातून ईशर खालच्या श्रेणीत गेला. या रचनेचा दोष उघड होता. पहिल्या टप्प्यातील गुण पुढे जसेच्या तसे धरले जात नसल्याने अनेक महिन्यांची आघाडी काही आठवड्यांत पुसली जाई. ब्रिस्टलला याचा फटका दोनदा बसला : २००९-१० मध्ये गुणतक्त्यात अव्वल राहूनही तो अंतिम फेरीत एक्सेटरकडून हरला, तर या हंगामात पुन्हा अव्वल राहून उपांत्य फेरीत कॉर्निश पायरेट्सकडून.

अंतिम फेरी दोन सामन्यांची होती. २३ मे २०१२ रोजी पेन्झन्सच्या मेनाय फील्डवर लंडन वेल्शने कॉर्निश पायरेट्सवर ३७–२१ असा विजय मिळवला. १६ गुणांची ही पिछाडी रूपांतरासह (ट्रायनंतरच्या यशस्वी किकसह) दोन ट्राय (१४ गुण) करूनही भरून निघत नाही. वर निदान एक पेनल्टी (३ गुण) लागते. ३० मे रोजी ऑक्सफर्डच्या कसम स्टेडियमवर पायरेट्सला ते साधले नाही : २९–२०, एकूण ६६–४१.

लंडन वेल्शचे रिचमंडमधील ओल्ड डिअर पार्क हे मैदान प्रीमियरशिपच्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या, किमान निकषांत बसत नव्हते, म्हणून कसम स्टेडियमचा प्रस्ताव होता. तेथे अडचण आली ती मैदानावरील अग्रहक्काची. सामन्याची तारीख ठरवताना क्लबचा शब्द अंतिम असला पाहिजे, असा नियम होता. फुटबॉल क्लबच्या मैदानात भाडेकरू म्हणून राहणाऱ्याला तो पाळता येत नाही, आणि तारखा हलल्या की दूरचित्रवाणीचे वेळापत्रक कोलमडते. मात्र सॅरासेन्स, लंडन आयरिश व वॉस्प्स हे तिघेही त्या वेळी फुटबॉल क्लबांच्याच मैदानांवर खेळत असून त्यांना सवलत होती. रग्बी फुटबॉल युनियनने बढती नाकारली. जूनअखेर अपील समितीने हा नियम स्पर्धा कायद्याशी विसंगत ठरवून निर्णय फिरवला. नियमामागचा हेतू रास्त होता, पण जुन्यांना सूट व नवागताला अट ही विषमता टिकणारी नव्हती. परिणामी प्रीमियरशिपच्या तळाशी असलेला न्यूकॅसल फाल्कन्स खाली आला. (मेनाय फील्डही निकषांत बसत नसल्याने पायरेट्स जिंकले असते तरी बढतीचा प्रश्न अवघडच होता.)



पुढील हंगामात लंडन वेल्शचे, अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल, ५ गुण कापले गेले आणि तो तळाला जाऊन परत उतरला; न्यूकॅसल चॅम्पियनशिप जिंकून वर गेला. गट टप्पाही २०१२-१३ पासून रद्द झाला व पहिले चार संघ थेट उपांत्य फेरीत जाऊ लागले. बढतीसाठीची बाद फेरी २०१६-१७ पर्यंत चालू राहिली.