नव्या परोपजीवी गांधीलमाशीचं वर्णन : वादाची पार्श्वभूमी

परोपजीवी गांधीलमाश्यांच्या नामकरणाचा इतिहास १७५८ पासून सांगायची पद्धत आहे. ते पुष्कळदा लिहून झालंय. आजचा वाद आहे तो नवी प्रजाती फक्त डीएनएवरून जाहीर करावी की नाही याचा. तो समजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध जास्त उपयोगी पडतो.

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच घ्या. पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालणारा हा मित्रकीटक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. सुकवला की आक्रसतो, म्हणून काचपट्टीवर बसवून पाहावा लागतो. जुने तज्ज्ञ रंगावर बराच भर देत. पण वाढीच्या काळातलं तापमान बदललं की एकाच प्रजातीचा रंग बदलतो. भारतात सर्रास आढळणारी एक प्रजाती त्यामुळे कधी मिनुटम, कधी ऑस्ट्रॅलिकम अशा नावांनी वावरली आणि बऱ्याच वळणांनंतर चिलोनिस ठरली. हा गुंता सोडवायची किल्ली बंगळूरच्या संशोधकांनी १९६८ ते १९७१ च्या दरम्यान दिली. त्यांनी संकर करून पाहिले आणि नराच्या जननेंद्रियांची रचना हेच खात्रीचं लक्षण असल्याचं दाखवलं. त्यानंतर नुसत्या मादीवरून छातीठोक नाव सांगणं कठीण झालं.

हा निव्वळ संग्रहालयातला कीस नव्हता. कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागांत खवले किडीवर अॅफायटिस गांधीलमाश्या सोडायच्या होत्या. आशियातल्या प्रजाती म्हणजे तिथे आधीपासून असलेलीच प्रजाती, असं समजून त्या कित्येक दशकं आणल्याच गेल्या नाहीत. सगळ्यात उपयोगी ठरलेली मेलिनस १९५० च्या दशकात भारत-पाकिस्तानातून तिथे पोचली.

२००३ मध्ये डीएनए बारकोडची कल्पना आली : सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून प्रजाती वेगळ्या काढायच्या. कोस्टा रिकातल्या एका संरक्षित क्षेत्रात सुरवंट पाळून त्यांतून निघणाऱ्या गांधीलमाश्यांवर हे जोरात सुरू झालं. दिसायला एक, पण सुरवंट वेगळा आणि बारकोडही वेगळा, अशा जोड्या एकामागून एक सापडल्या. २०१४ मध्ये तिथूनच अॅपँटेलिस वंशाच्या १८६ नव्या प्रजाती जाहीर झाल्या. त्यात बारकोड होता, तसंच पंखांच्या शिरा, अंडनलिकेची लांबी, पायांचा रंग हेही होतं.

२०२१ चा निर्णय मात्र वेगळा. ब्रॅकोनिड या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या कुळातल्या ४०३ नव्या प्रजाती एका फटक्यात, बहुतेकींसाठी फक्त बारकोड आणि एक छायाचित्र देऊन प्रसिद्ध केल्या गेल्या. प्राणिनामांचे नियम सांगतात की १९३० नंतरच्या नावासोबत वेगळेपण शब्दांत मांडलेलं असावं. ए, सी, जी, टी या डीएनएच्या अक्षरांची माळ म्हणजे शब्द का? समर्थक म्हणाले, जुन्या गतीने गेलो तर शतकं लागतील आणि तोवर जंगलच उरणार नाही. हे खरंच आहे. पण आक्षेपही पोकळ नव्हते. शेजारच्या देशांतून शंभर वर्षांपूर्वी वर्णन झालेल्या प्रजातींशी तुलना न करता 'नवी' कशी म्हणायची? शिवाय सीओआय आईकडूनच येतो, आणि गांधीलमाश्यांत सर्रास आढळणारा वोल्बाकिया जिवाणू या जनुकाचा नकाशा बिघडवू शकतो. एकाच जनुकावर सगळी भिस्त ठेवणं मला तरी घाईचं वाटतं. ज्याच्याकडे सीक्वेन्सर, म्हणजे डीएनए वाचणारं यंत्र नाही, त्याने हातातली माशी ओळखायची कशी, याचंही उत्तर त्या ४०३ वर्णनांत फारसं नाही.

त्यानंतर मधला मार्ग रुळतोय : मॅलेज सापळ्यातले (उडते कीटक पकडणाऱ्या तंबूसारख्या जाळीतले) हजारो कीटक आधी बारकोडने गटांत वाटायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. अडचण जुन्या होलोटाइपांची, म्हणजे मूळ वर्णन ज्यावर बेतलं त्या नमुन्यांची आहे; तुलना त्यांच्याशीच करायची असते. सुकलेल्या नमुन्याचा एक पाय तोडून डीएनए काढता येतो, पण तो तुकड्या-तुकड्यांतच मिळतो. आणि जगात त्या नावाचा आधार असलेला एकमेव नमुना असेल, तर पाय तोडायची परवानगी संग्रहालय सहजासहजी देत नाही.